विलायती बाटली, नागपुरी तहान

गांधीबागेत कापडाची दुकानदारी करणाऱ्याला मे महिन्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक माल आणि दुसरा गिऱ्हाईकाचा घसा. लग्नसराईच्या खरेदीसाठी भंडारा, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडचे किरकोळ दुकानदार सकाळच्या गाडीने नागपुरात उतरतात. ते आमच्या गादीवर येऊन बसतात तेव्हा बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. अशा माणसापुढे लगेच थान उलगडून चालत नाही. आधी पाणी, मग 'ठंडा', मग भाव. आमच्या वडिलांच्या काळात ठंडा म्हणजे गोटी सोडा. साधा चार आण्याला, लेमन आठ आण्याला. शाळेला सुटी लागली की कोपऱ्यावरच्या सोडेवाल्याकडून तारेच्या टोपल्यात सहा बाटल्या आणण्याचे काम आमच्याकडे असे, आणि सहा रिकाम्या परत नेऊन देण्याचेही.

मागच्या उन्हाळ्यात नातवंडांसोबत एका मॉलमध्ये जाण्याचा योग आला. तेथे काचेच्या कपाटात तीच बाटली दिसली. गळ्यात तीच खाच, आत तीच गोटी. वर झाकण मात्र प्लास्टिकचे होते आणि किंमत साठ रुपये. आम्ही व्यापारी माणूस, भाव ऐकून आधी हसलो आणि मग विकत घेतली. अंगठा दाबला, 'फट्' असा आवाज झाला, आणि अब्बांची गादी डोळ्यांपुढे उभी राहिली. साठ रुपयांत सोडा किती रुपयांचा आणि तो आवाज किती रुपयांचा, हा हिशेब आम्ही अजून करत आहोत. हा लेख त्याच हिशेबाचा एक भाग समजावा.

पुष्कळांची अशी समजूत आहे की गोटी सोडा ही अस्सल देशी वस्तू आहे. तसे नाही. बाटलीही विलायती आणि आतला सोडाही विलायती. १७६७ मध्ये इंग्लंडातील लीड्स शहरी जोसेफ प्रीस्टली नावाचे गृहस्थ दारूच्या भट्टीशेजारी राहत. आंबवणाच्या हौदावर तरंगणारा वायू पाण्यात मिसळता येतो व ते पाणी जिभेला चुणचुणते, हे त्यांनी पाहिले. पुढे १७७२ मध्ये त्याची कृतीही छापून प्रसिद्ध केली. त्यांनी त्यातून पैसा केला नाही. पैसा केला तो जेकब श्वेप यांनी. त्यांनी जिनिव्हात १७८३ पासून असे पाणी विकण्यास सुरुवात केली आणि १७९२ मध्ये धंदा लंडनला हलवला. शोध एकाचा आणि दुकान दुसऱ्याचे, हा प्रकार तेव्हाही होताच.

परंतु सोड्याच्या धंद्यात एक अडचण होती आणि ती बुचाची होती. वायू भरलेली बाटली कॉर्कच्या बुचाने बंद केली तर बूच सुकते, आकसते आणि वायू निघून जातो. म्हणून बाटल्या आडव्या ठेवाव्या लागत, बुचाला तार बांधावी लागे. १८७२ मध्ये हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने यावर जो उपाय काढला तो इतका साधा होता की आजही त्याचे नवल वाटते. सोड्यातील वायू बाहेर पडू पाहतो ना? मग त्याच्याच जोराने दार लावून घ्यायचे. बाटलीच्या तोंडाच्या आत रबरी वायसर आणि गळ्यात काचेची गोटी. बाटली भरताना उलटी केली की गोटी घरंगळून तोंडाशी येते, वायूचा दाब तिला वायसरवर घट्ट बसवतो, आणि मग बाटली सरळ केली तरी गोटी हलत नाही. बूच नको, तार नको, लाख नको. पिताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊन वाट अडवू नये म्हणून गळा चेपून खाच केलेली असते. बाटली त्या अंगाने तिरपी धरली की गोटी तेथे अडकून राहते. लहानपणी ज्याला हे जमत नसे त्याला आम्ही 'देहाती' म्हणून चिडवत असू. हे इंग्लंडच्या कारागिराने आधीच योजून ठेवलेले होते, हे आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळले.

व्यापारी बंधूंनी कॉडच्या बाटलीपेक्षा कॉडचा करार लक्षात ठेवावा. त्याने काचकारखान्यांना बाटली बनवण्याचा परवाना दिला, पण अट घातली की गोट्या आणि रबरी वायसर आपल्याकडूनच घ्यायचे, गळ्याला खाच पाडण्याचे हत्यारही आपलेच वापरायचे. केवळ गोट्या बनवण्यासाठी लंडनच्या केनिंग्टन भागात त्याचा स्वतंत्र कारखाना होता. बाटली कोणीही बनवो, गोटी त्याचीच. आमच्या धंद्यात सूत ज्याच्या हातात, त्याच्यापुढे मागवाल्याचे काही चालत नाही, हे मोमिनपुऱ्यातील व कामठीतील जुन्या विणकरांना वेगळे सांगायला नको.

हिंदुस्थानात सोडा आला तो गोऱ्यांबरोबर. येथील पाण्याची त्यांना धास्ती असे. बंद बाटलीतील पाणी त्यांना भरवशाचे वाटे. म्हणून जेथे छावणी आणि क्लब, तेथे सोड्याला गिऱ्हाईक ठरलेले. आपल्या शेजारची कामठीची छावणी १८२१ ची, आणि मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली १८६७ मध्ये. मुंबई-पुण्यात हा धंदा पारशी व इराणी मंडळींनी हाती घेतला. मुंबईचे पालनजी आपला आरंभ १८६५ चा सांगतात. पुण्याच्या कॅम्पातील अर्देशीर १८८४ चे, मुंबईचे ड्यूक्स १८८९ चे. ड्यूक्सचे संस्थापक दिनशाजी पंडोल क्रिकेटचे शौकीन होते. त्यांनी क्रिकेटच्या चेंडूच्या कंपनीवरून आपल्या सोड्याचे नाव ठेवले अशी हकीकत आहे.

मोठ्या शहरांत असे नावाजलेले कारखाने झाले, पण गोटी सोड्याची खरी ताकद मोहल्ल्यात होती. त्याला कारखाना लागतच नव्हता. एक खोली, वायूचे एक सिलिंडर, दोन-तीन बाटल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून हाताने गरगर फिरवायचे एक यंत्र, आणि बाटल्या. एवढ्या भांडवलावर एक घर चालत असे. या धंद्यातील खरे भांडवल सोडा नसून बारदाना, हे आमच्या सोडेवाले चाचांनी आम्हाला शिकवले. आतले पाणी, साखर, लिंबाचा अर्क यांची किंमत नगण्य, किंमत बाटलीची. एक बाटली दिवसातून दोन-तीन वेळा फिरली तर धंदा, गिऱ्हाईकाच्या पलंगाखाली पडून राहिली तर तोटा. त्यामुळे चाचांची वही पैशांपेक्षा बाटल्यांची अधिक होती. कोणाकडे किती गेल्या, किती आल्या, किती फुटल्या. उर्दू शाळेत चौथीत असताना आम्ही ती वही त्यांच्यासाठी लिहीत असू, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. मोबदला म्हणून शुक्रवारी एक लेमन फुकट. यंत्र फिरवताना बाटली फुटण्याची भीती असे, म्हणून चाचा हाताला जाड कापड गुंडाळत आणि चेहऱ्यापुढे जाळी धरत. त्यांच्या मनगटावर काचेच्या जुन्या खुणा होत्या.

मग विलायतेतून ही बाटली गेली कशी? १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या दातेरी बुचाचा शोध लावला, म्हणजे ज्याला आपण 'बिल्ला' म्हणतो तो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे बाटल्या ओतणारी स्वयंचलित यंत्रे निघाली. गोटीची बाटली त्या यंत्रात बसत नव्हती, कारण गोटी आत टाकून मग तोंड घडवावे लागते, ते हाताचे काम. शिवाय ती धुवायला कठीण. गळ्यात गोटी, मग ब्रश आत जाणार कसा? पोरे गोटीसाठी बाटल्या फोडत, तो तोटा वेगळाच. मजुरी महाग आणि यंत्र स्वस्त झाले की अशी वस्तू टिकत नाही. इंग्लंडात ती हळूहळू मागे पडली आणि संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसली. जपानात मात्र टिकली. तेथे कोबे शहरात १८८४ मध्ये अलेक्झांडर सिम या स्कॉटिश औषधविक्रेत्याने ती नेली होती. 'लेमोनेड'चे जपानी तोंडात 'रामुने' झाले आणि आजही उन्हाळ्याच्या जत्रांत तेथील मुले तो पितात. दुसरा आपला देश. उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्याचे सासनी गाव या बाटल्यांसाठी ओळखले जाते. आपल्याकडे मजुरी स्वस्त होती, बाटली फिरत होती आणि सिलिंडर मोहल्ल्यातच होते. बाकी कारण काही नाही. आवडीमुळे टिकली असे जे म्हणतात, त्यांनी चाचांची वही पाहिलेली नाही.

१९७७ मध्ये कोका-कोलाने देश सोडला तेव्हा आम्ही लहान होतो. परकीय चलनाच्या कायद्याने भागभांडवल कमी करण्याची अट घातली होती, ती त्यांना मान्य झाली नाही. त्या रिकाम्या जागेत थम्स अप, कॅम्पा कोला आले. लिम्का, गोल्ड स्पॉट होतेच. तरी गोटी सोडा चालूच राहिला, कारण या बाटल्या त्याच्यापेक्षा तिप्पट-चौपट महाग पडत. लग्नात नवरदेवाकडच्यांना थम्स अप आणि घरच्या मंडळींना गोटी, असा सरळ हिशेब असे. सावजीचे जेवण झाल्यावर तर साध्या सोड्याशिवाय माणूस उठतच नसे. खरी गोष्ट बदलली १९९३ नंतर. कोका-कोला परत आली आणि तिने पारलेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले. १९९४ मध्ये ड्यूक्स पेप्सीकडे गेले. मोठ्यांच्या या लढाईत मोहल्ल्यातला सोडा कोणी हरवायला आलेच नव्हते. तो वाटेत सापडला.

आणि येथे आम्हाला आमचाच हिशेब मांडला पाहिजे. त्या सुमारास आम्ही नुकतेच गादीवर बसू लागलो होतो. एका मोठ्या कंपनीच्या एजन्सीचा माणूस आला. समोरच्या पानवाल्याकडे फ्रीज ठेवतो म्हणाला, महिन्याचा माल ठरवून घ्या, उधारी चालेल, रिकाम्या बाटल्या आमची गाडी उचलेल. अब्बा म्हणाले, "चाचाचे काय?" आम्ही म्हणालो, गिऱ्हाईकाला गोटीच्या बाटलीची लाज वाटते, स्वच्छतेचे लोक विचारतात. यात अर्धे खरे होते. बाटली नीट धुतली जात नव्हती हे खरे. पण चाचांना ते सांगून सुधारायची एक संधी देता आली असती. ती आम्ही दिली नाही. त्या वर्षी आमच्या ओळीतील बऱ्याच दुकानांनी असेच केले. चाचा काही बोलले नाहीत. दोन उन्हाळे त्यांनी काढले, मग यंत्र भंगारात गेले. आज मॉलमध्ये बाटली पाहून ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांत आमच्यासारखे पुष्कळ असतील.

आठवणीवर माल कसा विकावा हे पाहायचे असेल तर दुसऱ्या एका विलायती सरबताकडे पाहावे. आखातातून सुटीवर येणारे आपले भाऊबंद रमजानच्या आधी जांभळ्या रंगाची एक बाटली घेऊन येतात, तो 'विम्टो'. मँचेस्टरच्या जॉन नोएल निकोल्स या औषधी वनस्पती व मसाल्यांच्या घाऊक व्यापाऱ्याने १९०८ मध्ये तो काढला. द्राक्ष, रासबेरी, काळे करंट यांचा रस आणि वनस्पतींचा अर्क. तेव्हा इंग्लंडात दारूविरोधी चळवळ जोरात होती आणि दारूऐवजी काय प्यावे याचे उत्तर म्हणून ताकद देणारे पेय या रूपात ते खपले. मूळ नाव 'विम टॉनिक', १९१२ मध्ये त्याचे विम्टो झाले. १९२८ मध्ये अब्दुल्ला औजान आणि बंधू या अरब व्यापाऱ्यांनी आखातातील विक्रीचे हक्क घेतले आणि १९७९ मध्ये दम्मामला ते तयार होऊ लागले. दिवसभराच्या रोज्यानंतर साखर आणि फळाचा स्वाद शरीराला हवाच असतो. औजानांनी हा मौसम ओळखला आणि पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवला. आज कित्येक अरब घरांत इफ्तारचा दस्तरखान विम्टोशिवाय मांडला जात नाही, जसा आपल्याकडे रूह अफजाशिवाय. मँचेस्टरमध्ये जेथे ते पहिल्यांदा बनले त्या ग्रॅन्बी रो भागात १९९२ पासून विम्टोच्या बाटलीचे लाकडी शिल्प उभे आहे. निकोल्स आणि औजान दोघांनाही दारूच्या जागी काही हवे असलेले गिऱ्हाईक मिळाले, आणि दोघांनी नाव स्वतःजवळ ठेवले. आमच्या चाचांच्या सोड्याला नावच नव्हते. 'कोपऱ्यावरचा सोडा' हे काही नोंदवता येत नाही.

आता गोटीची वेळ आली आहे असे दिसते. केंद्र सरकारच्या अपेडा या निर्यात संस्थेने २०२५ मध्ये 'गोली पॉप सोडा' या नावाने हा सोडा परदेशी पाठवण्यास हातभार लावला. अमेरिका, इंग्लंड, युरोप व आखातात चाचणीचा माल गेला, आखातातील लुलू हायपरमार्केटमध्ये तो मांडला गेला. मार्च २०२५ मध्ये लंडनच्या खाद्यपेय प्रदर्शनातही तो ठेवला होता. म्हणजे १८७२ ची बाटली दीडशे वर्षांनी आपल्या गावी पाहुणी म्हणून गेली. कॅम्पा कोलाही २०२२ मध्ये रिलायन्सने घेतला आणि २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणला. जुन्या नावाला आता भाव आहे.

परंतु आपल्यातील कोणी हे वाचून सिलिंडर आणायला निघाला असेल तर त्याने आधी कराचे गणित पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखर किंवा स्वाद घातलेल्या सोड्यावर ४० टक्के जीएसटी आहे. पूर्वी २८ टक्के आणि वर १२ टक्के सेस होता, म्हणजे बोजा तोच. साखर-स्वाद नसलेल्या साध्या सोड्यावर मात्र १८ चे ५ टक्के झाले. एकाच यंत्रातून निघालेल्या दोन बाटल्या, एकीवर ५ आणि दुसरीवर ४०! आमच्या कापडावर ५ टक्के आहे, तरी आम्ही कुरकुर करतो. शिवाय लहान व्यापाऱ्यांसाठी जी कंपोझिशनची सोय आहे, ती स्वादाचा सोडा बनवणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असेल तोवर प्रश्न नाही. पण मॉलला किंवा हॉटेलला माल द्यायचा तर ते बिल मागतात, आणि तेथून सारे सुरू होते. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी हवी ती हवीच. हातगाडीवाल्यालाही हवी. लिंबू, साखर, मीठ साध्या सोड्यात गिऱ्हाईकासमोर मिसळून देणे ही जुनी रीत कराच्या दृष्टीने कशी पडते, हे आपल्या हिशेबनिसाला विचारावे. त्यात पुष्कळ फरक पडू शकतो.

आमच्या गोदामात माळ्यावर एक लाकडी पेटी होती. चाचांचे यंत्र विकले गेले त्या वर्षीपासून ती तेथेच होती. चोवीस बाटल्यांची पेटी, डिपॉझिट आम्ही कधी दिले नव्हते, कारण वही आम्हीच लिहीत होतो. म्हणजे बाटल्या चाचांच्या. मॉलमधून आलो त्याच आठवड्यात ती खाली काढली. चाचा हयात नाहीत. त्यांचा नातू मोमिनपुऱ्यात मोबाईल दुरुस्ती करतो. त्याला निरोप पाठवला. सतरा बाटल्या साबूत निघाल्या, चार तडकलेल्या आणि तीन पेटीत नव्हत्याच. त्याने प्रत्येकीतली गोटी हलवून पाहिली, वायसर सगळे वाळून दगड झाले होते. नवे वायसर कोठे मिळतात असे त्याने विचारले. आम्ही सासनीचे नाव सांगितले आणि सात बाटल्यांचे पैसे आजच्या भावाने त्याच्या हातात ठेवले. त्याने ते मोजून घेतले.